एका गावात दोन अनायरा

अंबडला जन्मदाखल्याच्या खिडकीपुढं रांग लागली होती. रखमाजी नातवाच्या दाखल्यासाठी उभे होते आणि रात्रीच्या कीर्तनातला अभंग हळूच गुणगुणत होते. पुढच्या दोघींचे आवाज चढले, तसा अभंग ओठांतच राहिला.

"संध्या, पोरीचं नाव अनायरा लिहून राह्यली म्हणं?"

"हो, पाटलीणबाई."

"आमच्या नातीचं तेच हाये. सूनबाईनं पुण्यात बसून शोधलं. तुला दुसरं कामून न्हाई सापडलं?"

"मला हेच आवडलं."

"शाळेत मॅडम हाक मारणार अन् दोघी उठणार. बरं दिसंल का? तुमच्यात शोभंल असं ठेव."

"कसं? कचराबाईसारखं?"

"तुझ्या आजीला तर कधी राग आला न्हाई त्या नावाचा."

"आजीचं नाव चांगुणा होतं. तुमच्या सासूबाईंचं बी चांगुणाच, म्हून तुमच्या घरानं आजीला कचराबाई केलं. सारं गाव मंग तेच म्हणू लागलं."

"जुनं कशाला उकरती?"

"जुनं कुठलं? औंदा मेली. मयताच्या दाखल्यावर बी कचराबाईच आलं. ह्याच खिडकीवर घेतला मी."

पाटलीणबाई मागं वळल्या. "ओ माळकरी बाबा, तुम्ही तरी समजवा हिला."

रखमाजींनी खिडकीकडं बोट दाखवलं. "बाई, नंबर तिचा हाये. बाजूला सरका."

खिडकीतून विचारणा झाली, "बाळाचं नाव?"

"अनायरा. लिहा, अन् लिहिलेलं मला वाचून दाखवा."