शेवटच्या कडव्यातलं नाव

सुमन वैनी, पावण्यांनो, बारामती-काटेवाडीवरनं आलेल्या कलावंतांनो, जय भीम. मला भाषण जमत न्हाय. आख्खं आयुष्य तात्या गायचा अन् मी त्याच्यामागं ढोलकी वाजवायचो. आज त्याच्याच शोकसभेत मी बोलतोय अन् त्यो कायमचा गप हाय. लई अवघड हाय हे.

तुमाला ठावं हाय, आमच्या भीमगीतात शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. तात्याचंबी असायचं. यंदाच्या जयंतीला एका मोठ्या गायकानं तात्याचं गाणं म्हणलं, अन् तितं नाव लावलं सोताचं! तात्या मांडवात पुढंच बसलेला. घरी येऊन म्हणला, "बाबू, गाण्याचं पेटंट करायचं. चल बारामतीला."

वकीलबाई हसल्या. "तात्या, पेटंट नव्या यंत्राला, नव्या युक्तीला मिळतं. दुकानाच्या नावाला, शिक्क्याला ट्रेडमार्क. वस्तूच्या रूपाला डिझाइनची नोंदणी. गाण्याला असतो कॉपीराइट. आणि तो तुम्ही गाणं लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला."

"मंजी लेकरू जलमलं तवाच बापाचं झालं?"

"अगदी. तुमच्यामागंही साठ वर्षं राहील. नोटीस पाठवू त्या गायकाला?"

काय म्हणावं ह्या माणसानं? "नोटीस नगं, बाई. त्यो गातोय ब्येस. भ्याला तर गायचाच बंद हुईल. गाणं गावोगाव हिंडू द्या. फकस्त माजं नाव पुसू नगा म्हणावं."

मी लई चिडलो. परतीच्या एसटीत भांडलो त्याच्याशी. म्हणलं, तुला अक्कल हाय का? त्यो आपला खिडकीतनं ऊस बघत नवी चाल गुणगुणत बसला. माजा लई जीव होता रं तुज्यावर, तात्या. कधी बोललो न्हाय.

आता ऐका. त्यो गायक आज हितं आलाय. मागं खांबाला टेकून रडतोय, मगाधरनं बघतोय मी. दादा, पुढं या. भिऊ नका, कुणी काय म्हणणार न्हाय. वैनींनीच, तात्याच्या कारभारणीनंच बोलवायला सांगितलंय.

समदी जणं उभी ऱ्हावा. आज दोन मिनिटं गप ऱ्हायचं न्हाय. दादा, शेवटचं कडवं तुमीच म्हणायचं, मी ढोलकी धरतो. अन् नावापाशी आलात की जरा थांबा. तितं तात्याचं खरं नाव आमी समदी म्हणू, पार कॅनॉलपातूर जाईल आसं म्हणू.

शिवराम. आमच्या लासुर्ण्याचा शिवराम.