गाठीचे हात, कळीचे हात

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवाकडे आपण मागतो. मागण्यात आपण कुणाला हार जात नाही! तो देतोही. पण देताना सावकाश देतो, चिमटीचिमटीने देतो. तर तो देत असताना आपले हात कुठे असतात? झेलायला पुढे असतात, की देवाच्याच मनगटाला धरून ओढत असतात?

उत्तर मी देणार नाही. उत्तर द्वारका देईल.

कोण द्वारका? ऐका. वेंगुर्ल्याच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, उद्या तिथे कीर्तनाला जायचंय मला! गावाच्या मागे सुरंगीची झाडं. सुरंगी पाहिलीय का कुणी? फुलं फांदीला चिकटून येतात, आणि माघ-फाल्गुनात असा काही वास सुटतो की वाटसरूने वाट विसरावी. त्या फुलांच्या गजऱ्याला तिकडे म्हणतात वळेसर. द्वारकेचा नवरा दत्ताराम पहाटे झाडावर चढून कळ्या काढायचा, आणि द्वारका केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, धाग्याने वळेसर गुंफायची.

आता यातली मेख बघा. सुरंगीची कळी उमलण्याआधी काढावी लागते, आणि काढायची ती बोटाच्या पेराने. नख लागलं की काळी पडली! म्हणून दत्तारामाचे हात अगदी हलके. द्वारकेचं उलट. गाठ सैल राहिली तर फूल गळतं, म्हणून तिची गाठ अशी घट्ट, की गजरा सुकेल पण कळी सुटणार नाही. एकाच घरात दोन हात — त्याचे कळीचे, हिचे गाठीचे.

आणि द्वारकेचे केस! अहो, कमरेखाली जायचे. हंगामातला पहिला वळेसर गावच्या माउलीला घालायचा मान द्वारकेचा. गुरव तो देवीच्या गळ्यात घालायचे, मग प्रसाद म्हणून तिलाच परत द्यायचे. तिने तो तिथेच माळायचा आणि भर गावातून चालत घरी जायचं. वाटेत पडता कामा नये. घरापर्यंत राहिला, तर मान राहिला. आठ वर्षं राहिला.

नवव्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिला विषमज्वर झाला. जीव वाचला. आणि दोन महिन्यांनी, सगळं ठीक झालंय असं वाटत असताना, केस जायला लागले. उशीवर केस, ताटात केस, गुंफायला बसली तर वळेसरात केस. मार्गशीर्ष सरला तेव्हा अंबाड्याच्या जागी करंगळीएवढी शेंडी उरली होती.

हसताय? तबलजी, तुम्ही तरी हसू नका. माझ्या या पागोट्याखाली काय शिल्लक आहे ते तुम्हाला ठाऊक आहे! पुरुषाचे केस गेले की लोक म्हणतात, विद्वान दिसतो. बाईचे गेले की काय म्हणतात, ते इथे बसलेल्या आयाबहिणींना विचारा.

मग गाव धावलं. कुणी म्हणालं कांद्याचा रस चोळ, कुणी म्हणालं मिरी वाटून लाव. ज्या बाईच्या स्वतःच्या डोक्यावर चार केस नव्हते तिने सात उपाय सांगितले! द्वारकेने सगळे केले, नखांनी खसाखसा चोळून केले. टाळू लाल झाली, सोलली. उगवलं काहीच नाही.

माघात सुरंगीचा वास सुटला. वळेसर गुंफता गुंफता तिचा हात आपोआप मानेमागे जायचा आणि रिकामा परत यायचा. जगातल्या बायकांच्या डोक्यासाठी गुंफायचं आणि आपल्याला एक फूल माळता येऊ नये! घरी कुणी नसताना ती वळेसर नुसता मानेवर टेकवून बसायची. इतकी आस लागली होती बिचारीला.

पहिल्या वळेसराचा मान सोडवेना. मग तिने काय करावं? गंगावन आणलं. खोट्या केसांचं ते शेपूट, उरलेल्या शेंडीला सोपाच्या दोरीने बांधलं. कसं बांधलं? वळेसराची गाठ मारतात तसं! डोळ्यांत पाणी आलं इतकं घट्ट. फुलाला जी गाठ सोसते ती केसाच्या मुळाला सोसते का हो? देवळात गुरवांनी प्रसाद दिला. तिने माळला. नमस्काराला वाकली, आणि गंगावन, वळेसर, शेंडी — सगळं सुटून माउलीच्या पायाशी पडलं.

द्वारकेने पदर ओढला आणि ती धावत सुटली.

गुरव भला माणूस. त्यांनी एवढंच ठरवलं, की मान एक वर्ष राखून ठेवू. पुढच्या हंगामालाही राहिला नाही, तर तो दत्तारामाच्या चुलतघरी जाईल.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोकं तपासलं. त्या म्हणाल्या, असल्या तापानंतर असे केस गळतात. मुळं बहुतेक जिवंत आहेत, केस येतील, पण महिने जातील. ओढायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, नख लावायचं नाही, ओल्या केसांत फणी घालायची नाही, आणि पोटभर नीट जेवायचं. उरलेली झिपरी कात्रीने सारखी करून दिली. द्वारकेने विचारलं, औषध? त्या म्हणाल्या, तुमच्या हातांना जरा सुट्टी द्या.

आता हे जमायचं कसं? गाठीचे हात ते! चैत्रात कपाळाशी लव आली, तर ही रोज सकाळी ती चिमटीत धरून ताणून बघायची, वाढली का म्हणून. ताणली की दोन केस हातात. एक दिवस दत्तारामाने पाहिलं. रागावला नाही. जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "कळी ओढून मोठी होता काय गो? तुझे हात गाठी मारूचे. वरीसभर डोक्याक हात लावू नको. मी लावतंय."

आणि मंडळी, तो कळ्या काढणारा माणूस रोज सकाळी बायकोच्या डोक्याला तेल लावायला लागला. खोबरेल, जेमतेम कोमट. बोटांच्या पेरांनी, हळूहळू गोल, नख नाही, जोर नाही. रुंद दातांची लाकडी फणी तिची तिला लावू दिली नाही. गावातले लोक हसले. म्हणाले, दत्तारामान न्हाव्याचं दुकान काढलान! तो म्हणाला, होय, गिऱ्हाईक एकच आहे.

श्रावणात बोटभर झाले. दिवाळीला कानावर आले. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे नुसती लव. रात्रभरात काही झालं नाही, चमत्कार झाला नाही. मी कीर्तनकार आहे, चमत्कार घालायला मला काय लागतं? पण नाही झाला! रोज तेल, रोज वाट. कधी कधी ती रडायची, "माका माझो वळेसर होयो," म्हणायची. तो तेल लावत राहायचा.

माघ आला. केस मानेपर्यंतही नव्हते. द्वारकेने पहिला वळेसर गुंफला, देवळात नेला. गुरवांनी तो देवीला घालून परत काढायला हात पुढे केला. ती म्हणाली, राहू दे आईच्याच गळ्यात, मला त्यातली एकच कळी द्या. लोक कुजबुजले. गुरवांनी देवीकडे पाहिलं, एक कळी काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

तिने ती कानामागच्या केसांत खोचली. पिन नाही, दोरी नाही, गाठ नाही. आणि निघाली. देवळाच्या पायऱ्या, बाजार, विहीर, चुलतघराचं अंगण. सगळं गाव बघतंय, ऊन डोक्यावर येतंय, आणि हात सारखा म्हणतोय, चाचपून बघ, आहे का बघ! तिने हात वर नेला नाही. दोन्ही हात खाली सोडून चालली. आयुष्यात पहिल्यांदा त्या हातांनी काही पकडलं नव्हतं.

दारात दत्ताराम उभा होता. ती समोर थांबली. हात खालीच. विचारलं, "रवली?"

म्हणजे, राहिली का?

त्याने वाकून पाहिलं. म्हणाला, "रवली. आणि फुलली."

मंडळी, मान द्वारकेकडे राहिला. पण मी मानाचं सांगायला आलो नाही. मी तुमच्या हातांचं विचारायला आलोय. पोराला रोज ताणून बघता — वाढला का, पहिला आला का? दुखणाईताला विचारता — कधी उठणार? देवापुढे पाच मिनिटं बसता आणि उठताना चाचपता — मिळालं का? अहो, मुळं जिवंत आहेत! द्यायचं काम त्याचं चालू आहे. तेल लावा, पोटाला नीट खा, अलगद राहा. आणि जीव कितीही कासावीस झाला तरी, घरापर्यंत हात खालीच ठेवा.

चला, तेच हात आता जोडा. आवळून नको, हलके. आणि म्हणा माउलीचं नाव.