अर्ज न करता मिळालेला नळ

रत्नागिरीच्या दवाखान्यात नसीमा स्वतःच्या रिपोर्टची वाट बघत बसली होती. शेजारी गुहागरहून आलेलं म्हातारं जोडपं आजोबांच्या पोटातल्या गाठीवरून भांडत होतं.

"डॉक्टर म्हणाले, गाठ हाका मारते. मग रक्तवाहिन्यांच्या पेशी धावत जातात आणि तिच्यापर्यंत नव्या वाहिन्या नेतात," आजोबा म्हणाले.

"अर्ज न करता?"

"गाठ कसला अर्ज करणार?"

"पंचायतीत हेलपाटे घालून आपण म्हातारे झालो, तरी नळ नाही. आणि कालच्या गाठीला घरपोच कनेक्शन! त्या पेशी कुणाच्या?"

"माझ्याच."

"म्हणजे घरचेच फितूर."

"फितूर नाहीत गो, भोळ्या आहेत. कुणीही हाक मारली की धावतात."

"तुमच्यावरच गेल्यात. शेजाऱ्याचा पंप बिघडला की ताटावरून उठता."

नसीमाने तोंडाला ओढणी लावली. सकाळपासून तिला पहिल्यांदाच हसू आलं होतं.

"आता इंजेक्शन दिलं की पेशींना ती हाक पोचणारच नाही."

"असलं इंजेक्शन लग्नातच द्यायला हवं होतं तुम्हाला."

"शिवराम भुवड, आत चला," नर्सने पुकारलं.

आजोबा उठले. आजींनी नर्सचा हात घट्ट धरला.

"बाई, गाठीची हाक तेवढी बंद करा हां. माझी ह्यांना ऐकू आली पाहिजे."