इवायाचं पोट

नाई, पन मी काय म्हनतो, जंतू म्हटलं का मारा, मारा, मारा! टीवीवर मारा, मोबाइलवर मारा, साबनाच्या कागदावर मारा... अरे, काऊन मारा? समदेच काय दुश्मन आहेत का? आपल्या पोटात चांगले जंतूबी रायते भाऊ, अन् त्यायच्याच भरोशावर आपन चार लोकायत मांडी घालून बसून राह्यलो, ध्यानात ठेवा! लय उपकार आहेत बा त्यायचे! हसू नोका. तुमाले सांगतो, ते नव्हते न पोटात, तं माह्या पोरीचं, दिव्यानीचं साक्षगंध, म्हनजे साखरपुडा, मोडता मोडता राह्यलं!

झालं असं... आमचं गाव नागभीडजवळ, समदी धानाची शेती. कापनीच्या वक्ताले वावराच्या बांदीत पायात कापल्या धानाचं खुट घुसलं. पाय सुजून हा एवढा भोपळा! दवाखान्यात गेलो, डाक्टरीनबाईनं पू काढला, जंतू मारायच्या गोळ्या देल्ल्या. गोळ्यायले नाव नाई ठेवत हां मी, पाय वाचला त्याच्यानं. पन पाय बरा झाला अन् पोट असं बिघडलं, असं बिघडलं का बसूच देईना! ज्या पायाले वाचवलं त्याच पायानं धावून राह्यलो, घरामागच्या वाडीतल्या संडासाकडं!

अन् साक्षगंध आलं न उद्यावर! पोराकडचे आलापल्लीचे. पोरगा प्रणित, जंगलखात्यात नोकरीले, साजरा पोट्टा, दिव्यानीनं सोता पसंत केलेला. कमळा, म्हनजे आमची घरवाली, म्हने, "अवो, पुढं ढकला न!" म्या म्हनलो, "अन् काऊन ढकललं म्हनून सांगू? पोरीच्या बापाले जुलाब लागले म्हनून?" काई इज्जत आहे का नाई मानसाले!

आले. गाडी भरून आले. मांडवात बसले. पोराचे काका हेमराजभाऊ, मिशा अशा वर पिळलेल्या, घसा खाकरून म्हने, "मंग गुनवंतराव, तुमची पोरगी आमच्या घरी..." अन् माह्या पोटात गुर्रर्र! उठलो. "आलो जी!" परत येऊन बसलो, घाम पुसला, त्यायनं पुन्हा सुरू केलं, "तं मी काय म्हनत होतो, तुमची पोरगी..." गुर्रर्र! "आलो जी!" आता तुमीच सांगा, तो मानूस काय समजन? पोरगी म्हटलं का बाप उठते! तिकडं खुसुरफुसुर सुरू... "बाप राजी नाई वाट्टे." "तोंड पाहा न कसं केलं!" अरे बापा, मंग तोंड कसं करू? दिव्यानीले माहीत होतं, पन पाटावर बसलेली पोरगी भर मांडवात बापाच्या जुलाबाचं कशी सांगन? रडाले आली बिचारी.

मी आत, कडी लावून, अन् बाहेरून हेमराजभाऊचा आवाज, "चला, उठा! जिथी बापाले गोड नाई, तिथी आपली सोयरीक नाई!" गाडी चालू झाली हो! मी आतून बोंबलून राह्यलो, "राजी आहो मी! राजी आहो!" आयकते कोन? मंग कमळा... तुमाले सांगतो, उखान्यातबी माह्यं नाव घ्याले लाजनारी बाई, गाडीपुढं जाऊन उभी राह्यली, अन् अख्ख्या गावाले आयकू जाईन असं ओरडली,

"राजी आहेत हो ते! जुलाब आहेत त्यायले!"

ड्रायवरनं गाडी बंद केली.

अन् मंग पयले हसली कोन? आमची इहीनबाई! प्रणितची माय, आशाबाई! गाडीतून उतरली, वाडीत आली, संडासाच्या दाराशी उभं राहून म्हने, "इवाई, सावकाश होऊ द्या. आमी आहो बसून." सांगा, असा मान कोनत्या इवायाले भेटला असन? झालं साक्षगंध! अंगठीच्या वक्तालेबी उठलो, तं लोकायनं मले असा रस्ता करून देल्ला, जसा मंत्र्याले देते!

दुसऱ्या दिवशी डाक्टरीनबाईकडं. तपासलं, साखरमिठाच्या पान्याचे पाकिटं देल्ले, अन् मंग समजावलं, "काका, गोळ्यांना ओळखपाळख नसते. वाईट जंतू मारताना पोटातले चांगलेही मरतात. ते अन्न पचवायला मदत करतात, बाहेरच्या वाइटांना जागा मिळू देत नाहीत." तवा डोक्यात उजेड पडला! बांदीत तनाचं औषध मारलं अन् धानबी करपलं, तशातलं झालं! म्या म्हनलो, "मंग आता?" "आता घाई नको. मनानं गोळ्या घेऊ नका. ताजं दही, ताक घ्या, वरण-भाजी खा. दही म्हणजे काही जादू नाही काका, पण आतले हळूहळू पुन्हा वाढतील." आता पाहा... डोळ्याले दिसत नाई, बोलत नाई, रुसत नाई, सनावाराले सुटी मांगत नाई, अन् जनमभर माह्या पोटात राबून राह्यले, अन् मले पत्ताच नाई! लय उपकार आहेत बा त्यायचे!

आशाबाईले हे कळलं मातर... घरच्या म्हशीचं दही लावलं अन् मडकं देऊन प्रणितले एसटीनं धाडलं. आलापल्लीहून पोट्टा मांडीवर मडकं घेऊन! गडचिरोलीले गाडी बदलली, कंडक्टर म्हने, "यात काय आहे गा?" जावई आमचा सरळ, म्हने, "सासऱ्यासाठी जंतू नेऊन राह्यलो." अख्खी सीट खाली झाली म्हंते! मस्त पाय पसरून आला!

हळूहळू आलं पोट ठिकान्यावर. अन् ज्या सकाळी... आता कसं सांगू... ज्या सकाळी समदं बराबर झालं न, तं वाडीतून मी हात जोडतच आलो! कमळा म्हने, "कोनाले जोडून राह्यले?" म्या म्हनलो, "पोटातल्यायले. अन् तुलेबी. तू ओरडली नसती तं पोरीचं काय झालं असतं?" तं म्हने, "चला, काईबी!" पन चुलीकडं तोंड करून हसली, मले दिसलं. उपकार आहेत बा... समद्यायचेच!

लगन झालं, लय साजरं झालं. पाठवनीचा वक्त आला. दिव्यानी गाडीत बसली, काच खाली केली, म्हने, "बाबा, वक्तावर जेवत जाजा..." अन् मले भाऊ, असा हुंदका आला का उभंच राहवेना. गाडी हालली, मी खाली वाकलो, दोन्ही हात पोटाशी धरले अन् ढसाढसा रडून राह्यलो. लेक चालली न! काळजाचा तुकडा चालला! तेवढ्यात शेजारचा देवाजी धावत आला, खांद्यावर हात ठेवला, अन् समद्या वऱ्हाडापुढं, लय मायेनं, इचारलं,

"पुन्हा लागले का गा?"

आता काय सांगता... हो म्हनलो.