रिफंड आला, आता खर्चायचा कुठं?

...नाही, पण मला सांगा, तूप ही गरज आहे का चैन? हसू नका! तुम्हाला सांगतो, या एका प्रश्नावर आमच्या घरात तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. आणि घर तरी केवढं? तोक्योजवळ ग्योतोकुला दोन खोल्या. रुसून बसायचं तर जागा एकच, बाथरूम. तिथं जावं तर आधीच कुणीतरी रुसून बसलेलं!

झालं काय, आमचा हरीश. माझा मुलगा. पुण्याहून इकडं जपानला कॉम्प्युटरच्या नोकरीवर आला, बारा वर्षं रग्गड पगार घेतला, आणि एक दिवस उठून म्हणतो, "बाबा, मी जपान्यांना थालीपीठ खायला घालणार." घातलं! जपानी आले, फोटो काढले, वाकून नमस्कार केला, गेले ते गेलेच! दीड वर्षात दुकानाला कुलूप. बँकेचं कर्ज, कार्डांचं वेगळं. पुन्हा नोकरीला लागला खरा, पण पगार आला की हप्त्यांनी जेवायचं आणि आम्ही बघायचं. शेवटी वकीलबाई गाठली, मोरिता-सान. कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करायचा, आता फिटत नाही म्हणून सांगायचं. कोर्टाला पटलं तर सगळं माफ, नाही पटलं तर... जन्मभर मेलेल्या दुकानाचे हप्ते!

आणि अर्जाच्या ऐन तोंडावर खात्यात पैसे आले की हो! एक लाख साठ हजार येन, टॅक्सचा रिफंड. कशामुळं? तर मी तिकडं होतो तेव्हा हरीशनं फॉर्मात लिहिलेलं, साताऱ्याला म्हातारा बाप आहे, त्याला मी पोसतो. म्हणजे आले ते माझ्यामुळं! मी म्हटलं, "अर्धे माझे." तर पोरगा रडायच्या बेतात. इंजिनियरांना गंमत म्हणून कळत नाही.

मोरिता-सान बोलल्या जपानीत, हरीशनं सांगितलं मराठीत, मला कळलं ते भलतंच. "गरजेच्या गोष्टींवर खर्च करा. पावत्या ठेवा. चैन नको, कुणाला भेटवस्तू नकोत. आणि कुणा एकाचंच देणं गुपचूप फेडलंत, तर माफी अवघड." बाई दर वाक्याला मान लववते. बातमी जेवढी वाईट, मान तेवढी खाली. त्या वाक्याला कपाळ टेबलाला टेकलं होतं!

पण गरजेचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा!

भाडं, ठीक. हरीशची दाढ, ठीक. तन्वीचा, म्हणजे माझ्या नातीचा, चष्मा ठीक. तांदूळ ठीक. मग पद्मिनी, आमच्या सूनबाई, म्हणाल्या, "तूप लिहा." हरीश म्हणतो, "तूप चैनीत जाईल गं." "चैनीत? आणि थालीपीठाचं दुकान काढलंत ते काय गरजेत होतं?" संपलं! हरीश बाथरूममध्ये. तन्वीला विचारावं तर ती मोबाईलमधून मान वर न करता, "शिरानाई." म्हणजे मला माहीत नाही. घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस! मग मीही जरा हातभार लावला. गोल्फच्या काठीची पावती सापडली होती स्टेशनवर, ती दिली सरकवून पावत्यांच्या डब्यात. अर्धा तास हरीश पद्मिनीकडं बघतोय, पद्मिनी हरीशकडं!

बरं, खरी भानगड पुढंच आहे. रविवारी सकाळी बघतो तर हा पाकिटात पन्नास हजार येन भरतोय. "कुणाला रे?" "सत्यजितला." सत्यजित म्हणजे त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, ओजिमाला असतो. दुकानाचं भाडं थकलं तेव्हा न मागता पैसे आणून दिलेले त्यानं.

"अरे, बाईनं काय सांगितलंय? एकाचंच फेडायचं नाही!"

"बाबा, ते कर्ज थोडंच आहे? हातउसने आहेत. कोर्टाला द्यायच्या देण्यांच्या यादीत पण मी नाही घातले."

"यादीत नाहीत?"

"मित्राचं नाव बँकांच्या रांगेत कसं घालू? त्याच्या घरी कोर्टाचं पत्र जाईल! तोंड कुठं दाखवू मी?"

आता बोला! आपल्याकडं बँकेचं ते कर्ज, मित्राचं ते उसनं. कर्जाला व्याज, उसन्याला लाज. पण कोर्टाच्या फॉर्मात लाजेला रकानाच नाही! त्याला विचाराल तर एक लाख साठ हजारात सगळ्यात गरजेचं होतं ते पाकीट. मग गरजेचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा!

मी काय करणार? सातवी शिकलेला माणूस. हा अंघोळीला गेला, मी पाकिटातल्या नोटा काढून सुपरमार्केटच्या जाहिराती भरल्या, चिकटवलं, ठेवलं. हा गेला ओजिमाला, डोळ्यात पाणी आणून दिलं. सत्यजितनं उघडलं तर आत, कोबी, अठ्ठ्याण्णव येन!

तासाभरानं फोन. "काका, हे तुमचंच काम ना?" हसत होता मेला! त्यानं हरीशकडून सगळं काढून घेतलं होतं. फोन चालू ठेवूनच शेजारच्या हरीशला म्हणाला, "हऱ्या गाढवा, माफी घालवतोस काय माझ्यापायी? घाल माझं नाव यादीत. आणि बँकेच्या खाली घातलंस तर याद राख!"

सोमवारी मोरिता-सानकडं. नाव घातलं. बाईनं विचारलं, "असं उसनं आणखी कुणाचं?" हरीश मग हळूच, "बाबांचं. फंडाचे आठ लाख रुपये, दुकानाला दिलेले." मी म्हटलं, "अरे, बापाचं कसलं कर्ज?" बाईनं मान लववली आणि लिहिलं! झालो मी सावकार! टॅक्सच्या कागदावर मी याच्या जिवावर जगतो, कोर्टाच्या कागदावर हा माझं देणं लागतो. मी नक्की कोण, मलाच कळेना.

परवा कोर्टाचं पत्र आलं, माझ्या नावानं, सावकार म्हणून. हरीशनंच दाराच्या पत्रपेटीतून काढून माझ्या हातात दिलं आणि तिथंच उभा राहिला. तन्वीनं वाचलं, "आजोबा, ते विचारतात, बाबाला माफ केलं तर तुमची हरकत आहे का? असेल तर कारण लिहा. महिनाभर वेळ आहे."

चाळीस वर्षं, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी या पोरावर हरकती घेतोय! केस वाढवले, हरकत. नोकरी सोडली, हरकत. थालीपीठात चीज घातलं, तेव्हा तर कडक हरकत! कुणी कुत्र्यानं विचारलं नाही. आणि आज परमुलखातलं कोर्ट अदबीनं विचारतंय, वर मुदत देतंय, पोरगा समोर श्वास रोखून उभा आहे... आणि एक, एक हरकत आठवेल तर शपथ!