मागच्या बाकावरचे वाल

मुलुंडला बसच्या रांगेत मालनच्या पुढे दोन शिक्षिका उभ्या होत्या. एकीचे केस पिकलेले, दुसरी नोकरीत नवी. नवीचं नाक रागाने लाल झालं होतं.

"वनमालाबाई, हेडसरांनी तुम्हाला माझा तास बघायला पाठवलं होतं ना? नवीन आहे, जरा मार्गदर्शन करा म्हणून?"

"मग बघितला की, सुलक्षणा. शेवटच्या बाकावर बसून."

"बसून वाल सोलत होतात तुम्ही! मांडीवर डबा घेऊन! मधल्या सुट्टीत पोरांनी सांगितलं. सगळी शाळा हसतेय मला."

"पोरांनी सांगितलं? म्हणजे तासाला तुला दिसलं नाही."

"मी शिकवत होते ना, बाई!"

"कोणाला गं?"

"वर्गाला!"

"पुढच्या दोन बाकांना. झकास शिकवलंस, खोटं कशाला बोलू? पण मागची सगळी पोरं माझे वाल सोलत होती. एकजण तर म्हणाला, बाई, उद्यापण आणा."

मालनची बस आली. तिने ती जाऊ दिली.

"वाट लागली माझी. हेडसरांना सांगितलंत?"

"त्यांना सांगितलं, पोरगी चांगली आहे. आज टीव्ही बघायला अख्खी चाळ आमच्याकडे जमेल, तूही ये बिरडं खायला. आणि उद्या माझ्या वर्गात मागे बस."

"मी काय आणू सोलायला?"

"लसूण आण. तासाभरात एक पाकळी जरी सोललीस ना, तर तुझ्या वर्गाचे सगळे पेपर मी तपासते."