हवाबदलाला जर्मनी

न्हाई न्हाई, तुमीच सांगा मला, पोरीला खोकला झाला, डाक्टरनं हवाबदल सांगितला, तर मानूस पोरीला कुठं नेतंय? डोंगरावर नेतंय, समुद्राकडं नेतंय, लयच झालं तर मामाच्या गावाला नेतंय… जर्मनीला नेतंय का? आन् जर्मनीत बी कुठं, तर द्राक्षाच्या बागंत! आवं, बागंपासनंच तर पोरीला लांब न्यायचं हुतं की! पर मी नको म्हनत न्हाई हां. मी फकस्त इचारतीया.

थांबा, पयल्यापासनं सांगते. आमी तासगावच्या पल्याडचं. चार एकर द्राक्षं. लगीन हून सा वर्सं झाली, घर कुठं संपतंय आन् बाग कुठं सुरू हुतीया ते मला अजून कळलं न्हाई. माजी सृष्टी पाच वर्सांची, ती मांडवाखाली झोळीतच वाढली. औषधाचा ट्रॅक्टर सुरू झाला की पोर उचलायची आन् पळायचं, ट्रॅक्टर इकडनं आला की मी तिकडनं, तिकडनं आला की मी इकडनं, बघनाऱ्याला वाटावं सासू-सुनंचं भांडान हाय आन् सून घर सोडून चाललीया! तर ह्या साली पोरगी खोकायला लागली. खोकला म्हंजी कसा, कोरडा, पत्र्यावर खडं पडल्यागत. जेवताना खोकती, हसताना खोकती, रडताना तर इचारूच नका.

सांगलीला डाक्टरकडं नेली. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, म्हनलं, "घराशेजारी काय आहे?" मी म्हनलं, बाग हाय. "अरे वा, फुलांची?" न्हाई, द्राक्षांची. तवा त्यांनी चष्माच काढून ठेवला. म्हनलं, "पावसाळी फवारण्या सुरू व्हायच्या आत हिला इथून हलवा. तीन-चार आठवडे तरी. पुन्हा असा त्रास झाला तर दवाखान्यात ठेवावी लागेल." झालं! तवापासनं माजं ध्यान एक तर पोरीच्या छातीकडं, न्हाईतर आभाळाकडं. कारन ढग आलं की फवारणी आली, आन् फवारणी आली की खोकला आला.

मी घरी येऊन सरळ सांगितलं, पोरीला घिऊन पाटणला म्हायेरी जाते. तिथं भात हाय, फनस हाय, द्राक्षाचा येल औषधाला बी न्हाई… म्हंजी औषध मारायला बी न्हाई! तर आमचं मालक, जयराज नाव त्यांचं, मला म्हनत्यात, "पाटणला काय ठेवलंय? आपला धाकटा वीरधवल जर्मनीला हाय ना? कवाधरनं बोलवतोय. नदीकाठचं गाव हाय, डोंगर हाईत, हवा एक नंबर. सगळीच जाऊ की सुट्टीला!"

सुट्टी! आमच्या घरात हा शब्द कोनी काढला की मला धास्तीच वाटती. का म्हनून सांगू? लगीन झाल्यावर ह्यांनी मला फिरायला नेलं. कुठं? नाशिकला. मी आपली खूश, गोदावरी बघायची, देव बघायचं. चार दिस मी काय बघितलं? बागा! लोकांच्या बागा! दिसली बाग की थांबली गाडी, शिरलं आत, "काय पावनं, छाटणी कवाची?" आन् मी नवी नवरी हिरवा चुडा घालून बांधावर हुबी. द्राक्षवाल्याची सुट्टी म्हंजी दुसऱ्याच्या बागंत जाऊन आपल्या बागंची काळजी करायची, तेवढीच!

म्हनून मी इचारलं, तिथं बाग न्हाई ना? मी नको म्हनत न्हाई, मी फकस्त इचारतीया. तर मालक खाली बघून चप्पल शोधाया लागलं. पायातच हुती चप्पल. मी तवाच वळखायला पायजे हुतं!

मंग सुरू झाली तयारी. आमचं सासरं, लालासाहेब, मी त्यांना मामा म्हनते, फौजेतनं सुभेदार हून रिटायर झाल्यात. त्यांनी सगळं हातात घेतलं. भिंतीवर कागद लावला, वर लिवलं 'कूच'. रोज सकाळी चहाच्या आधी हजेरी! "जयराज, पासपोर्ट?" "हाय आबा." "सूनबाई, पासपोर्ट?" "हाय मामा." "सृष्टी?" "यस सर!" म्हनती पोरगी, आन् लगेच खोकती. सासूबाई, साळूबाई, त्यांना मी आत्या म्हनते, त्या चुलीपासनं वरडायच्या, "मी न्हाई यायची! इमानात पाय कुठं टेकायचं? मी बाग सांभाळते, तुमी जावा." म्हंजी चार तिकिटं. मामा, मालक, मी आन् सृष्टी.

पुण्याला व्हिसाच्या हापिसात गेलो, तिथली तर कथाच सांगू नका. खिडकीपल्याड बाई, चेहरा असा की हसली तर पगार कापत्याल. मी सृष्टीला सांगून ठेवल्यालं, बाळा, हितं खोकायचं न्हाई हां, खोकलीस तर घरी पाठवत्यात. माजी शानी लेक! तिनं श्वासच धरून ठेवला! गाल फुगलं, लाल झाली, जांभळी व्हाया लागली, मी म्हनते सोड गं, ती मान हालवती न्हाई न्हाई, आन् खिडकीतली बाई म्हनती, "हिला काय होतंय?" मी म्हनलं, काय न्हाई, लाजती जरा. तवर तिनं जो सोडला खोकला, बाईचं कागद उडालं! मला वाटलं गेला व्हिसा. तर त्या बाईनंच पाण्याची बाटली दिली. व्हिसा बी आला. येनाऱ्या संकटाला कोन अडवतंय?

बॅगा भरल्या. ज्वारीचं पीठ, शेंगदान्याची चटणी, पोरीचं स्वेटर, कानटोपी, हळद, ओवा. मामांच्या हातातल्या पिशवीत बघते तर काय, छाटणीची कात्री! मी म्हनलं, मामा, ही कशाला? "असावी. फौजी हत्याराबिगर जात न्हाई." इमानात घिऊ देत न्हाईत म्हनलं तर हातातल्या पिशवीतनं काढून सामानाच्या मोठ्या बॅगंत ठिवली! मी नको म्हनत न्हाई, मी फकस्त इचारते, हवाबदलाला कात्री लागती का?

आन् जायच्या आदी आठ दिसांवर, दुपारी चारला, ढग आलं. नुसतं आलं न्हाईत, दाटून आलं. मामा आभाळाकडं बघाया लागलं, मालक पानांच्या खाली रोग हाय का बघाया लागलं आन् मी पोरीकडं. त्यात वीरधवल भावजींचा व्हिडिओ फोन. "वहिनी, खोली बघा तुमची! माज्या घरमालकीण हिल्डा आजींचं घर हाय." चांगली म्हातारी हुती हो, गोरीपान, सृष्टीला हात केला, हितनं सृष्टीनं बी केला. मंग भावजींनी फोन खिडकीकडं फिरवला.

आन् काय बघते मी! डोंगरच्या डोंगर… बाग! नदीपातूर बाग, देवळापातूर बाग, खिडकीच्या चौकटीला येल टेकल्याला! मांडव न्हाई, काय न्हाई, एकएका खुंटाला येक वेल, शाळंतली पोरं परेडला हुबी केल्यागत. मामा तर फोनात शिरत्यात का काय असं झालं. "आरं पर एवढ्या उभ्या कड्यावर ट्रॅक्टर चढतोय कसा?"

"ट्रॅक्टर न्हाई आबा," भावजी म्हनलं, लय कौतुकानं म्हनलं, "हितं फवारणी हेलिकॉप्टरनं!"

तुमाला सांगते, मामा खाटंवरनं उठून सावधान झालं. मालकांच्या डोळ्यात पाणी. आन् मी? माज्या डोळ्याम्होरं हेलिकॉप्टर फिराया लागलं आन् खाली मी पोरीला काखंत मारून डोंगरावर पळतीया! हितं निदान ट्रॅक्टर कुठनं येतोय ते कळतंय हो, वरनंच आलं तर पळायचं कुठं?

मी इचारलं, भावजी, कवा मारत्यात? "जूनमदी वहिनी, तुमी असताच की! बघायला मिळंल!"

मी फोन खाली ठिवला. म्हनलं, पोरगी न्हाई जायाची.

मंग जे झालं! मालक म्हनलं, "तिकिटं काढल्यात!" मी म्हनलं, डाक्टरनं काय सांगितलंय? "आगं, तिथलं औषध येगळं असतंय!" मी म्हनलं, छाती तर हीच हाय ना? "लोकं जर्मनीला जायाला मरत्यात आन् तू…" मी म्हनलं, मी नको म्हनत न्हाई! मी फकस्त इचारतीया, पोरीला दवाखान्यात ठिवायची झाली तर हितल्या ठिवायची का तिथल्या? तवर सृष्टीला खोकल्याची उबळ आली. खळ्ळ… खळ्ळ…

तवा चुलीपासनं आत्या बोलल्या. "क्रांते, तुज्या म्हायेरात बाग हाय?" न्हाई आत्या, भात हाय. "मंग झालं तर. पोरगी पाटणला जाईल."

मला वाटलं उठून पाया पडावं! पाया पडाया वाकले बी, तर आत्या म्हनत्यात, "मी नेते तिला."

आँ? आन् मी? "तू कशी जाशील? ढग आल्यात. ही दोगं चालली तिकडं. फवारणी तर करायलाच लागनार. डब्यावरलं मला वाचता येतंय का? दोनशे लिटरला किती घालायचं, कोन बघनार? तू सातवी शिकलीयास."

बघा! माज्या बाबांनी मला सातवीपातूर शिकवलं ती पोरीचं भलं करता यावं म्हनून, आन् शिक्षान कामाला कुठं आलं, तर ज्या औषधानं पोरगी खोकती त्याचंच माप घ्यायला! आता तुमी म्हनशीला, मालकांनी ऱ्हायचं हुतं की. असं घरात कोन म्हनलं न्हाई. मी बी म्हनले न्हाई. का म्हनले न्हाई, ते माजं मलाच कळत न्हाई, तवा तुमी इचारू नका.

तासगावच्या स्टँडवर यष्टीत बसवली पोरीला. कधी माज्याबिगर झोपली न्हाई हो ती. मी स्वेटर दिला, हळद दिली, ओवा दिला, आत्यांना पाच-पाचदा सांगितलं, गार पाणी नको, उंबऱ्यात बसवू नका, तिला डाव्या कुशीवर… आत्या म्हनल्या, "तुज्या नवऱ्याला मीच वाढीवलाय." मी म्हनलं, त्याचीच तर काळजी हाय! पन ते मनातल्या मनात. यष्टी हालली तर सृष्टी खिडकीतनं म्हनती, "आई, रडू नको, मी तुला फनस आनते." आन् बोलता बोलताच खोकली.

तिसऱ्या दिवशी ही दोगं इमानात बसली. राह्यले मी, चार एकर बाग आन् औषधाचं डबं.

आता दोन आठवडं झालं. काल सकाळी पाटणचा फोन. सृष्टी बोलत हुती, बोलत हुती, कुत्र्याचं सांगितलं, वासराचं सांगितलं, मी नुसती कान लावून मोजत बसले. एकदा बी न्हाई! आवं, एकदा बी खोकली न्हाई! मी बागंतच आभाळाला हात जोडलं. म्हनलं जाऊ दे. झालं माजं काम.

तवर जर्मनीचा फोन. मालक डोंगरावर हुबं, मामांच्या हातात कात्री. "क्रांते, जरा फोन वेलीकडं धर गं! हिल्डा आजींना बघायचंय तू येलाच्या ज्यादा फुटी खुडून कशा काढतीस. मी सांगितलंय, माज्या बायकोसारखा हात कुनाचा न्हाई." मंग काय, धरला फोन. एका हातात जर्मनी, एका हातात फुटी. म्हातारी लांबनं टाळ्या वाजवतीया, काय काय बोलतीया. भावजींनी सांगितलं, "वहिनी, आजी म्हनत्यात, ह्या बाईला इश्रांतीची लय गरज हाय. पुढल्या साली हिनं यायलाच पायजे. सगळ्यात चांगली खोली देनार, खिडकीतनं सगळी बाग दिसती!"

मी नको म्हनले न्हाई हां. मी फकस्त इचारलं, भावजी, दुसऱ्या बाजूची खोली मिळंल का?

भावजींनी इचारलं. म्हातारी हसली.

दुसऱ्या बाजूला बी बागच हाय म्हनं.